गव्हाची का जवाची?

डिसेंबरातली रविवारची दुपार होती. जेवणं आटोपली होती आणि आई दिवाणावर, खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पाय सोडून संत्रं सोलत बसली होती. साली ती फेकत नाही. ताटात पसरते, गच्चीवर वाळवते आणि दिवाळीच्या उटण्यासाठी डब्यात भरून ठेवते. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात माझा भाचा होता, ताईचा मुलगा. तो जर्मनीत एर्लांगेनला असतो. लग्नाची तारीख निघाल्यापासून दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी काही ना काही ठरवायचं राहिलेलंच असायचं. त्या दिवशी म्हणाला, ‘मामा, एक सांगा न. लग्न झाल्यावर इकडच्या मित्रांना पार्टी द्यायची आहे. तिच्यासाठी बिअर मी घरीच बनवणार आहे. चार प्रकार डोक्यात आहेत, पण बसतात तीनच. कोणता काढू?’

मी म्हणालो, ‘आपल्या घरात हे असं विचारायची पद्धत नाही.’

कर्जाचा अर्ज परत करताना जो आवाज लावायचो, तोच लागला. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण तो आवाज काही निवृत्त झालेला नाही. तिकडे भाचा खाली बघून कानातली वायर नीट करायला लागला. ताईही त्याच कॉलवर होती, तिच्या चौकोनात नुसता तिचा पंखा दिसत होता. आणि या शांततेत आईनं संत्र्याची फोड तोंडात टाकली, बी ताटात काढली आणि मान वर न करता विचारलं, ‘कायची असते रे ते? गव्हाची का जवाची?’

पुढचा अर्धा तास ते दोघंच बोलत होते.

तसं यात काहीच घडलं नाही. भाचा रागावला नाही, पुढच्या रविवारी त्याचा फोन नेहमीसारखा आला. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. पोरानं परवानगी मागितलीच नव्हती. त्यानं मत विचारलं होतं, जसं पंगतीत मठ्ठा ठेवायचा का जलजिरा असं विचारतात, आणि मी पद्धत काढून बसलो. शिवाय मी काही कोरडा माणूस नाही. सहकाऱ्यांच्या गच्चीवर महिन्या-दोन महिन्यांतून दोन ग्लास बिअर मी पंचवीस वर्षं पीत आलो आहे आणि घराच्या कोपऱ्यावर स्कूटर थांबवून बडीशेप चावत आलो आहे. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे. आमच्या घरची पद्धत म्हणतात ती हीच.

आपल्याकडे घरी बिअर बनवायची सोयच नाही. १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय बनवणं गुन्हा, आणि कागदोपत्री तर प्यायलासुद्धा परवाना लागतो. तो माझ्याकडे नव्हता, माझ्या ओळखीत कोणाकडे होता असंही आठवत नाही. तिकडे घरच्यापुरती बनवायला मोकळीक आहे, विकायची मात्र नाही. त्यामुळे लग्न मे महिन्यात नागपुरात, पार्टी जूनमध्ये तिकडे, बादल्या आणि बाटल्या तिकडे, अन् चर्चा मात्र आमच्या दिवाणावर, अशी ती वाटणी होती.

नागपुरातल्या लग्नात दारू नसते. ती डिक्कीत असते. लॉनवर वरात आली, की वऱ्हाडातले पाच-सात जण ‘गाडी नीट लावून येतो’ म्हणून जातात आणि पाऊण तासानं परततात. पार्किंगच्या शेवटच्या ओळीत, जनरेटरच्या पलीकडे, एखाद्या गाडीची डिक्की उघडी असते. आत फरसाणाची पुडी, प्लॅस्टिकचे ग्लास आणि वाइन शॉपमधून आणलेली काळी पिशवी. ती काळी पिशवी मला नेहमी गमतीची वाटत आली आहे. भाजी, औषधं, पुस्तकं कशालाही दुकानदार एवढी जाड पिशवी देत नाही. हिच्यात काय आहे हे कळू नये म्हणून ती काळी, आणि ती काळी आहे म्हणून शंभर पावलांवरून कळतं. डिक्कीपाशी उभं राहून पिण्यात चव-बिव काही नसते. उष्ण झालेली बिअर असते आणि घाई असते. जिलबी संपायच्या आत पंगतीत जाऊन बसायचं असतं. कोणती बिअर, हा प्रश्न तिथे कोणी कोणाला विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘थंडी आहे का’ एवढंच विचारतात.

आईचा प्रश्न मला खटकला, त्याला आणखी एक कारण होतं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या बाजूला मोरी होती आणि मोरीचं दार बोळात उघडायचं. लहानपणी त्या दारापाशी मला बाटल्यांची झाकणं सापडायची, कडा दातेरी असलेली. मी ती दगडानं ठोकून सपाट करायचो, खिळ्यानं मधोमध दोन भोकं पाडायचो आणि दोरा ओवून भिंगरी करायचो. दोरा ताणला-सोडला की झाकण घुंईं करत फिरायचं. आमच्या बोळात सगळ्यात जास्त भिंगऱ्या माझ्याकडे होत्या. झाकणं सोड्याची आहेत अशी माझी समजूत होती, आणि आपल्या घरात सोडा कधी आणतच नाहीत हे मला सातवी-आठवीपर्यंत सुचलंही नाही. काका आमच्यातच राहायचा, बाबांचा धाकटा भाऊ. गिरणीत कारकून होता. चित्रं सुरेख काढायचा, गणपतीची आरास त्याच्याशिवाय व्हायची नाही. नंतर झाकणं दिसेनाशी झाली, कारण नंतर तो जे प्यायचा त्याला झाकण नसायचं, पाऊच असायचा. त्याची शेवटची दोन वर्षं मी लिहिणार नाही. आईनं ती काढली, बाबांनीही नाही. चाळिसाव्या वर्षी तो गेला आणि त्यानंतर ‘दारू’ हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. ‘ते’ म्हणायचे. ‘ते’ घेतो का हो तो मुलगा? अशी चौकशी ताईच्या लग्नाच्या वेळी झाली होती.

म्हणून आई काही तरी बोलेल, उठून आत जाईल, निदान गप्प बसेल, अशी माझी खात्री होती. तिनं धान्य विचारलं.

साखरपुड्याला जानेवारीत भाचा आला तो सुटकेसमधून दोन पिशव्या घेऊन. एकीत जव होते, एकीत गहू. ‘आजी, चाखून बघ.’ आईनं चार दाणे हातावर घेतले, फुंकर मारली, एक दातांखाली धरला. ब्याऐंशीव्या वर्षी तिचे पुढचे सहा दात शाबूत आहेत आणि ते ती अशाच कामांना वापरते. कुरकुर आवाज झाला. तिनं बराच वेळ चघळलं आणि म्हणाली, ‘गोड लागतात. मोड आणून वाळवले दिसतात.’ भाचा माझ्याकडे बघून हसला. मॉल्ट म्हणजे तेच. जव भिजवायचे, मोड येऊ द्यायचे, मोड फार वाढायच्या आत वाळवायचे. दाणा उगवायला निघाला की पोटातल्या पिठाची साखर करायची तयारी करतो. ती तयारी झाली की त्याला तिथेच थांबवायचं. मग दळून गरम पाण्यात घातला की तो अर्धवट राहिलेलं काम पुरं करतो.

‘म्हणजे नाचणीचं सत्त्व,’ आई म्हणाली. ‘तुला नव्हतं का देत मी? मोड आणून, वाळवून, दळून. नुसत्या नाचणीची खीर घट्ट होते, सत्त्वाची पातळ होते अन् गोड लागते. म्हणून तर लेकराच्या घशाखाली उतरते.’ हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी बी.एस्सी. असूनही सत्त्वाची खीर पातळ का होते याचा कधी विचार केला नव्हता. भाच्यानं मान डोलावली. पीठ फुटून साखर झाली की घट्टपणा जातो, म्हणाला, माझ्या पातेल्यातही तेच होतं. सत्त्वावर वाढलेलं पोर आजीला सत्त्व समजावून सांगत होतं आणि ती त्याच्या चुका काढत होती.

त्याच दुपारी चारातला एक प्रकार काढायचा होता. पहिली, गव्हाची. तिकडच्या नियमानं तिच्यात निदान निम्मं गव्हाचं मॉल्ट असावं लागतं, बाकीचं जवाचं. म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’ असं होतं. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं किंवा लवंग कोणी घालत नाही, दोन्ही वास यीस्ट तयार करतं. खोली उबदार ठेवली तर केळं वर येतं, थंड ठेवली तर लवंग. दुसरी धुराची. एर्लांगेनहून चाळीसेक किलोमीटरवर बांबेर्ग म्हणून गाव आहे, तिथली ही खासियत. मॉल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. तिचं वर्णन ऐकून आई म्हणाली, ‘भरीत,’ आणि विषय संपला. तिसरी बेल्जियमकडची पद्धत. गव्हाची, पण तिच्यात संत्र्याची साल आणि कुटलेले धणे. ही भाच्याची लाडकी होती, नागपूरचा पोरगा लग्नाला संत्रं नाही घालणार तर काय घालणार? चौथी डॉपेलबॉक. काळसर, घट्ट, सात-साडेसात टक्क्यांची. उपासाच्या दिवसांत ख्रिस्ती मठांतले साधू असली बिअर पीत, पोटाला आधार म्हणून. मला मनातून हीच प्यायची होती, पण मी पद्धतवाला माणूस, मी काय बोलणार.

आईनं विचारलं, ‘यातली जास्त चढते कोणती?’

‘चौथी.’

‘मग ते काढ.’

भाचा म्हणाला, आजी, तसंही तीच काढायला हवी होती. एवढी तगडी बिअर मुरायला महिने लागतात आणि माझ्याकडे तळघरात एकच जुना फ्रिज आहे. शिवाय पार्टी दुपारी दोनला सुरू होणार, माणसं रात्रीपर्यंत बसणार. दिवसभर बसून प्यायची असेल तर हलकीच बरी, नाही तर संध्याकाळी पाचलाच पाहुणे आडवे. त्यानं हे हिशेबानं सांगितलं. चाळीस पाहुणे, एका खेपेला वीस लीटर, अर्ध्या लीटरच्या साधारण अडतीस बाटल्या, कारण तळाचा गाळ सोडून द्यावा लागतो. आई ऐकत होती असं मला वाटलं नाही. तिचं उत्तर दुसऱ्याच हिशेबातून आलं होतं, आणि त्या खोलीत तो हिशेब माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता.

संत्र्याच्या सालीवरून मात्र तिनं त्याला चांगलंच घेतलं. उटण्याच्या डब्यातली पूड देऊ का, म्हणाली, मग स्वतःच नको म्हणाली, कारण ती सरसकट वाळवलेली असते. आतलं पांढरं राहिलं तर कडू होईल. मग कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या संत्र्यांवर दोन दिवस तिचा कारखाना चालला. आपल्या संत्र्याची साल सुटी असते, हाताला लगेच येते, पण पांढरं तिला चिकटून येतं. ते तिनं चमच्याच्या कडेनं खरवडलं. नारिंगी पापुद्रे सावलीत वाळवले, उन्हात नाही, उन्हात वास उडतो. धणे म्हटल्यावर तिला आधी कळेना. ‘सांबाराचे बी?’ हो, तेच. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, सांबारवडीतला सांबार तो हाच. ‘सांबार अन् संत्रं बिअरीत,’ ती म्हणाली, ‘आपल्याकडचंच सामान आहे की मग.’ भाच्याला यावर तिकडचा इतिहास सांगायचा होता. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकनं फर्मान काढलं, बिअरीत जव, हॉप्स नावाची कडवट फुलं आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही, त्यामुळे तिकडचे मित्र संत्र्याला नाकं मुरडतात, वगैरे. फर्मानात यीस्टचं नावही नव्हतं. आई म्हणाली, ‘अन् विरजणाशिवाय कसं व्हायचं?’

व्याही वर्ध्याचे. मला खरी धास्ती त्यांची होती. वर्धा म्हणजे सेवाग्राम, पवनार, खादी, आणि १९७४ पासून दारूबंदी असलेला जिल्हा. व्याह्यांच्या मातोश्री आजही खादी नेसतात. साखरपुड्याच्या जेवणात भाच्यानं सरळ सांगून टाकलं, की जूनच्या पार्टीत मी घरची बिअर ठेवणार आहे, तुम्ही आलात तर तुमच्यासाठी आल्याचं सरबत करीन. मी पानातल्या पाटोडीकडे बघत राहिलो. व्याह्यांनी रस्सा भुरकला, रुमालानं मिशी पुसली आणि म्हणाले, ‘चंद्रपूरला २०१५ मध्ये बंद झाली, २०२१ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे मी शाळेत होतो तेव्हापासून बंद आहे. त्यामुळे आमच्या गावात लहान पोरालाही माहीत असते, कुठं भेटते.’ मग जरा थांबून, ‘उघड्यावर केली तर बरंच आहे. कोण किती पिलं ते तरी दिसते.’ त्यांच्या मातोश्रींना कमी ऐकू येतं, किंवा त्या दिवशी येत होतं.

त्या रात्री मला गडचिरोली आठवली. १९८९ साली माझी बदली तिकडच्या एका शाखेत झाली होती आणि शिपायानं त्याच्या बहिणीच्या लग्नाला पाड्यावर नेलं होतं. गोंडांचं लग्न. मांडवात मोहाच्या दारूचं मडकं होतं. आधी थोडी जमिनीवर सांडली, पूर्वजांची म्हणून, मग पळसाच्या पानाच्या द्रोणात पाहुण्यांना. म्हाताऱ्यांना आधी, मग बायकांना, मग आम्हाला. गोडसर, धुरकट, ओल्या मनुकांसारखा वास. मी हात जोडून नाही म्हणालो. शिपायाच्या बापानं द्रोण तसाच क्षणभर धरून ठेवला, नंतर दुसऱ्याला दिला. लग्नात नाही म्हणणं म्हणजे नात्याला नाही म्हणणं, हे मला शिपायानं परतीच्या वाटेवर सांगितलं, तेही मी विचारल्यावर. तिथे कोणी चोरून पीत नव्हतं. एक म्हातारा झिंगून गाणं म्हणत होता, त्याला त्याच्या सुनेनं हाताला धरून बाजेवर नेऊन निजवलं, एवढंच. मोहानं तिकडची किती घरं धुतली तेही मी त्याच शाखेत बसून पाहिलं आहे. १९९३ मध्ये तो जिल्हा दारूबंद झाला, तो बायांच्या मोर्च्यांशिवाय झालेला नाही. दोन्ही खरं आहे. द्रोण पुढे करणारा तो हात मात्र मला अधूनमधून दिसतो.

मार्चअखेर आईनं कुरोड्यांचे गहू भिजत घातले. ताई म्हणत होती, रुखवंतात ठेवायच्या कुरोड्या विकत मिळतात, मी पाच प्रकार आणते, रंगीत पण असतात. आईनं रंगीत कुरोड्यांवर काही बोलणंही योग्य समजलं नाही. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर तो वास सुटतो. आंबूस, ओला, किंचित ताकासारखा, किंचित पिकलेल्या फळासारखा. लहानपणी मला तो नकोसा व्हायचा. आता आला की पोटात कालवतं, पण वेगळ्या कारणानं. नेमक्या त्याच रविवारी भाच्याची धुराची बिअर चुलीवर होती. ती आधी करायची, कारण तिला थंडीत सात-आठ आठवडे निजवावं लागतं. गव्हाची अगदी शेवटी, ती ताजीच चांगली. मोबाइल गच्चीच्या कठड्यावर, आई आणि शेजारच्या काकू पातेल्यातून चीक पिळून काढताहेत, आणि पडद्यावर भाचा मोठ्या भांड्यात लाकडी उलथनं फिरवतो आहे. पासष्ट अंशांवर तासभर. मग त्यानं बशीत थोडं पाणी काढून त्यात आयोडिनचा थेंब टाकला आणि बशी कॅमेऱ्यापुढे धरली. निळं-काळं झालं तर पीठ शिल्लक आहे. नाही झालं. तांबूसच राहिलं. आठवीच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर टाकायचो तेच औषध.

‘वास कसा येऊन राह्यला?’ आईनं विचारलं.

‘ओल्या भुशासारखा. गोड. अन् होळीसारखा.’

‘आंबूस नाही?’

‘अजून नाही आजी. यीस्ट घालायचं आहे.’

मग दोघांनी एकमेकांचं काम तपासलं आणि आईच्या लक्षात आलं, की सगळं उलटं आहे. कुरोडीत पीठ खाली बसू द्यायचं, वरचं पाणी सकाळी हलक्या हातानं ओतून टाकायचं आणि चीक ठेवायचा. हा पाणी ठेवतो आणि बाकीचं टाकतो. ‘चोथ्याचं काय केलं?’ तिनं दरडावून विचारलं. आमच्याकडे चोथ्याच्या भुसवड्या होतात, तीळ-तिखट घालून. भाचा म्हणाला, थोड्याची पोळी भाजली, पावासारखी, बाकी शेजारणीच्या कोंबड्यांना. आई समाधान पावली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चीक शिजवला. उकळत्या पाण्यात धार सोडायची आणि एकीनं ढवळत राहायचं, हात थांबला की गाठ झाली. सूर्य वर यायच्या आत गच्चीभर सोऱ्यानं पांढरी चक्रं पडली. मी लहानपणीसारखी गरम चिकाची वाटी तूप-साखर घालून खाल्ली. भाच्याला फोटो पाठवला. त्यानं तळघरातल्या बादलीचा पाठवला. झाकणाच्या नळीतून बुडबुडे येत होते.

लग्नाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोराडी रोडवरचं लॉन, मे महिना, चव्वेचाळीस अंश, ट्रकएवढाले कूलर, त्यांच्या आवाजात मंगलाष्टकं कोणालाच ऐकू आली नाहीत. पन्हं होतं, मठ्ठा होता, संत्र्याची बर्फी होती. रुखवंतात आईच्या कुरोड्यांची परात रंगीत कुरोड्यांच्या शेजारी होती आणि पाहुण्या बायका रंगीत जास्त बघत होत्या. पार्किंगच्या शेवटच्या ओळीत डिक्की उघडली होती. मला खूण आली, मी गेलो. प्लॅस्टिकच्या ग्लासात उष्ण बिअर. एक घोट घेऊन मी पहिल्यांदाच वास घेतला. काही कळलं नाही. ओला पुठ्ठा, बस. नवरदेव मांडवात बसून तिसरा ग्लास मठ्ठा पीत होता.

जूनमध्ये तिकडचे फोटो आले. हिरवळीवर लाकडी बाकं, बादलीत बर्फ, बर्फात बाटल्या. संत्र्याच्या पाच बाटल्या तळघरात फुटल्या होत्या. झाकण लावण्याआधी बाटलीत थोडी साखर घालतात, उरलेलं यीस्ट ती खाऊन फेस करतं, आणि भाच्यानं लग्नाच्या गडबडीत साखरेचा हिशेब चुकवला होता. तळघरभर संत्र्याचा वास सुटला होता म्हणे. बाटल्यांवर त्यानं कागद चिकटवले होते, धुराचीवर मराठीत ‘भरीत’ लिहिलं होतं. तिकडच्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं १५१६चं फर्मान ऐकवून संत्र्याच्या तीन बाटल्या संपवल्या. इंग्रजीतला ‘ब्राइडल’ हा शब्दसुद्धा मुळात नवरीच्या लग्नातली ‘एल’, म्हणजे बिअर, यावरून आला आहे, असंही भाच्यानं सुनेच्या देखत आम्हाला ऐकवलं. सून वर्ध्याची. ती म्हणाली, मी तर आल्याचं सरबतच पिलं.

दिवाळीला दोघं आले तेव्हा त्यानं माझ्यासाठी एक बाटली आणली, स्वेटरमध्ये गुंडाळून. संत्र्याची, शेवटची. खरं म्हणजे उशीर झाला आहे, म्हणाला, ही अशी ठेवायची नसते, लवकर प्या. मी ती फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे आडवी टाकली. आडवी नका ठेवू, उभी ठेवा, गाळ खाली बसू द्या, त्यानं बजावलं. ते दोघं परत गेले. बाटली राहिली. रोज सकाळी आई सांबाराची जुडी काढताना ती बाजूला सरकवायची आणि परत जागेवर ठेवायची. मी गच्चीवर मित्राकडे नेईन म्हणत होतो, पण काळी पिशवी शोधायला हात पुढे जाईना.

देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर आईच म्हणाली, ‘ते खराब होऊन जाईल बाप्पा. पोरानं हातानं केलं आहे.’ मी बाटली काढली, ओट्यावर ठेवली आणि मग लक्षात आलं, की आमच्या घरात ओपनर नाही. कधी नव्हताच. चमचा लावून पाहिला, सुरीच्या मुठीनं पाहिलं. बायको म्हणाली, शेजाऱ्यांकडे मागू का? मी नको म्हणालो, साडेनऊ वाजले आहेत.

आई खुर्ची सरकवून उठली.

‘मोरीच्या दाराच्या कोयंड्यात घाल,’ ती म्हणाली. ‘झाकणाची कड अडकव अन् खाली दाब. झटका नको देऊ, हळूच दाब. म्हणजे आवाज नाही होत.’

मी तिच्याकडे बघितलं. ती कोयंड्याकडे बघत होती. वाडा विकला तेव्हा बाबांनी हे एकच दार काढून आणलं होतं, सागवानी आहे म्हणून.

मी हळूच दाबलं. आवाज झालाच, आणि फेस उसळून माझ्या मनगटावरून फरशीवर आला. झाकण कुठेतरी फ्रिजखाली घरंगळत गेलं.

‘फडकं आण,’ आई बायकोला म्हणाली, ‘अन् दोन पेले.’